आधी सही, मग सूर्य

सूर्योदय दिसला नाही.

हे वाक्य जरा लवकर आलं. पण ज्या घरातली ही गोष्ट आहे त्या घराचा नियम असा, की जे आवक नोंदवहीत चढलं नाही ते आलंच नाही. वरचं वाक्य कुठेही चढवलेलं नाही. तेव्हा ते आलेलं नाही, तुम्ही ते वाचलेलं नाही. पहाटेचे पावणेतीन वाजलेत, कडाक्याची थंडी आहे, आणि चार माणसं एका दाराशी वाकून बूट घालतायत. सूर्य यायला भरपूर अवकाश आहे. सगळं छान होणार आहे.

चौघांपैकी एकीच्या आतल्या खिशात मोबाइल होता, मोबाइलमध्ये एक पत्र होतं, आणि त्या पत्राला त्याच दिवशी सकाळी नऊच्या आत उत्तर द्यायचं होतं. तिला घरात छकुली म्हणतात. उंची पाच फूट नऊ इंच, वय सत्तावीस, काम एक्स-रे काढण्याचं. रुग्णालयात दिवसाला साठ माणसं तिच्या एका शब्दावर श्वास रोखतात आणि दुसऱ्या शब्दावर सोडतात. घरी तिच्या शब्दावर कुणी साधं वळूनही बघत नाही.

पत्र चौदा तासांच्या प्रवासावरच्या एका शहरातून आलं होतं. तिथलं रुग्णालय मोठं, यंत्रं नवी, विभागाला चक्क खिडक्या, आणि त्यांना ती हवी होती. विचार करायला पंधरा दिवस दिले होते. आज पंधरावा.

आता, सत्तावीस वर्षांच्या बाईला नोकरी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. हे छकुलीला माहीत होतं. पण न सांगता निघून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. तिला बाबांच्या तोंडून एकदा ‘जा’ ऐकायचं होतं. एक अक्षर, त्याला एक काना. याहून लहान मागणी कुठल्या मुलीनं कुठल्या बापाकडे केली असेल असं वाटत नाही. पण या बापाकडे मागणी करण्याची एक पद्धत होती, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बाबांनी तेहेतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली. आलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा, पुढे पाठवायचा. गेलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा, विसरून जायचा. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर दोन पत्र्याच्या पेट्या मांडल्या. एकीवर ‘आवक’, दुसरीवर ‘जावक’. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक मागणं लेखी झालं. तोंडी विनंती ग्राह्य नाही. मीठ संपलं, अर्ज. पंखा आवाज करतो, अर्ज. अर्ज आवक पेटीत टाकायचा, बाबा त्यावर ‘प्राप्त’ असा जांभळा शिक्का मारणार, क्रमांक देणार, आणि मग अर्ज क्रमानं निकाली निघणार.

क्रमानं, हे महत्त्वाचं. अर्ज क्रमांक एक आईचा होता: ‘स्वयंपाकघरातील नळ गळत असल्याबाबत’. चार वर्षं झाली, नळ गळतोय. जन्मभर पाणीपुरवठा कार्यालयात काम केलेल्या माणसाच्या घरचा नळ आहे तो, त्याला कुणाची भीती असणार? पण क्रमांक एकचा निकाल लागल्याशिवाय क्रमांक दोनला हात लावणं म्हणजे क्रमांक एकवर अन्याय, आणि अन्याय बाबांना सहन होत नाही. मीठ आई गुपचूप आणत होती. जावक पेटीतून चार वर्षांत चिटोरंही बाहेर पडलं नव्हतं. ती रिकामी पेटी बघून आत्यानं तिच्यात आपले लोकरी मोजे ठेवायला सुरुवात केली. कुणाची हरकत आली नाही. हरकत घ्यायची तर तीही लेखी घ्यावी लागली असती.

छकुलीचा अर्ज क्रमांक सेहेचाळीस. ‘विषय: नोकरीनिमित्त परगावी जाण्याबाबत’. चौदा दिवसांपूर्वी तिनं तो टाकला, दुसऱ्या दिवशी त्यावर शिक्का दिसला, आणि त्यानंतर शांतता. थोडक्यात, नळ गळतोय तोवर तिनं जायचं नाही.

तिनं तोंडी प्रयत्नही केले. जेवताना ती म्हणाली, “बाबा, तो माझा अर्ज...”

“प्राप्त झालाय.”

“हो, पण तुम्ही वाचलात का?”

“विचारविनिमय चालू आहे.”

“कुणाबरोबर?”

बाबांनी वाटीतली भाजी संपवली. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याला त्यांनी असंच उत्तर दिलं होतं, म्हणजे समोरचा माणूस थकून घरी जाईपर्यंत शांत राहून. छकुलीची पंचाईत अशी, की ती घरीच होती.

म्हणून हा डोंगर.

बाबांचं कार्यालय तळघरात होतं. त्यांच्या टेबलासमोर भिंत, मागे कपाट, वर ट्यूबलाइट. सूर्य उगवतो ही माहिती त्यांना परस्पर मिळत असे. निरोप समारंभात भाषण करताना त्यांचा आवाज एकदाच कापला होता: “आता मी सहकुटुंब डोंगरमाथ्यावर जाणार आणि सूर्योदय बघणार.” छकुली तेव्हा पहिल्या रांगेत होती. तिनं तो कापलेला आवाज जपून ठेवला होता. त्यानंतरचे चार हिवाळे ‘थंडी कमी झाल्यावर बघू’ यात गेले, आणि थंडी कमी झाली की हिवाळाच संपायचा. या वर्षी मात्र तिनं भुणभुण लावून लावून बाबांकडून फ्रिजवर परिपत्रक चिकटवून घेतलं.

तिचा बेत सरळ होता. ती रोज बघते, माणूस कितीही ताठ असू दे, यंत्राची गार पाटी उघड्या छातीला टेकली की क्षणभर त्याचं बोलणं बंद होतं. तेवढ्यात काम उरकायचं असतं. बाबांच्या छातीला सूर्योदय टेकणार, त्यांचं बोलणं बंद होणार, आणि तेवढ्यात ती विचारणार. डोंगरावर आवक पेटी नाही, शिक्का नाही, क्रमांक नाही. शिवाय रेंज फक्त माथ्यावर येते, म्हणजे ‘जा’ आलं की लगेच होकार पाठवता येईल.

“माझा डावा बूट सैल होतोय,” आत्या दाराशी म्हणाली. कपाटावर मोजे शोधताना हाताला लागला तो कागद तिनं घडी घालून बुटात सारला, पाय आपटून बघितला आणि म्हणाली, “आता बसला.”

आई लाँड्रीत डाग काढते. पंचवीस वर्षांत तिला डागानं फसवलेलं नाही. शाई, गंज, रक्त, लिपस्टिक, सगळे तिच्यासमोर कबुली देतात. लाँड्रीची व्हॅन त्या दिवसापुरती तिनं मागून आणली होती. बाबा पुढे बसले. मागे छकुली आणि आत्या, आणि हँगरला लटकलेले लोकांचे एकवीस कोट. प्रत्येक वळणाला कोट एकदम झुकायचे आणि आत्या त्यांना म्हणायची, “जरा मागे सरका, मागे सरका, सगळ्यांना जागा आहे.” आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एका नऊमजली इमारतीत एकतीस वर्षं तिनं लिफ्ट चालवली. चढलेल्या उंचीत तिचा हात धरणारा गिर्यारोहक जन्माला यायचाय. सगळी उंची तिनं स्टुलावर बसून गाठली, एवढंच.

साडेतीनला ते पायथ्याच्या फाटकाशी पोचले. तिथे एक चौकी, चौकीत एक शेगडी, शेगडीजवळ एक चौकीदार, आणि चौकीदारासमोर एक नोंदवही. ती वही दिसताच छकुलीनं मोबाइलवर वेळ बघितली.

“नावं लिहा नि जा,” चौकीदार कानटोपीतून म्हणाला.

बाबांनी वही उघडली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. एक्स-रेमध्ये नको ते दिसल्यावर डॉक्टरांचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

“हे काय आहे?”

“नोंदवही.”

“याला नोंदवही म्हणतात? नावाच्या रकान्यात वय आहे. वयाच्या रकान्यात गाडीचा नंबर आहे. हे कोण आहे, ‘सहाजण’? सहाजण हे आडनाव आहे का?”

“सहा जण होते, साहेब.”

“मग बाहेर किती आले?”

चौकीदारानं डोंगराकडे बघितलं. तो प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

“बाबा,” छकुली म्हणाली, “सहा बावन्नचा सूर्योदय आहे. चढायला अडीच तास लागतात. प्लीज.”

“दोन मिनिटं.” बाबांनी पाठीवरची पिशवी काढली आणि तिच्यातून लाकडी पट्टी बाहेर काढली. फूटभर लांबीची, कार्यालयातली.

“तुम्ही ट्रेकला पट्टी आणलीत?” आई म्हणाली.

“पेन आणल्यावर पट्टी आणायला नको?”

“अहो, मी म्हटलं जादा स्वेटर घ्या, तर म्हणालात पिशवीत जागा नाही!”

“म्हणूनच म्हणालो.”

पुढची अकरा पानं आखून झाली. रकाने सात: अनुक्रमांक, नाव, वय, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, सही, शेरा. चौकीदार सुरुवातीला चिडला होता, मग बघत राहिला, मग शेगडीजवळची खुर्ची त्यानं बाबांना दिली, आणि शेवटी आतल्या खोलीतून गेल्या वर्षीची वही घेऊन आला. ती वही छकुलीनं त्याच्या हातातून घेतली, खोलीत नेऊन ठेवली आणि दार ओढून घेतलं. तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी मंडळी आत गेली. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलं, ‘उशिरा’.

चढ सुरू झाला. गवतावर दहिवर गोठलं होतं, पायाखाली ते कुरकुर मोडत होतं. टॉर्चच्या उजेडात प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. सगळ्यांत पुढे बाबा, मग आई, मग आत्या, शेवटी छकुली. आत्याच्या डाव्या बुटातून दर पावलाला कागद खसखसत होता.

“पहिला मजला,” आत्या पहिल्या वळणावर म्हणाली.

आईनं टॉर्च बाबांच्या पाठीवर मारला. “अहो, कोटावर हे काय लागलंय? थांबा. हात लावू नका. चिखल नाही हा. वंगण आहे. फाटकाच्या बिजागरीचं.”

“जाईल ना?”

“जाईल. पण आठवण ठेवून जाईल.”

“तिसरा मजला. बाहेर येणाऱ्यांना आधी येऊ द्या.” समोरून कुणीही येत नव्हतं. तरी चौघंही बाजूला होऊन थांबले, कारण आत्याच्या आवाजात एकतीस वर्षांचा अधिकार होता.

पाचव्या मजल्यावर छकुली तिघांना ओलांडून बाबांच्या बरोबरीनं चालायला लागली. “बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“चढताना बोलू नये. दम लागतो.”

“तुम्हाला बोलायचंच नाहीये. तुम्ही फक्त ऐका.”

“ऐकतानाही लागतो.”

दर अर्ध्या तासानं हजेरी होत होती. बाबा थांबायचे, पिशवीतून घरची हजेरीवही काढायचे, मनगटावर टॉर्च बांधून प्रत्येकाची सही घ्यायचे. चार माणसं एकमेकांना हात लावता येईल इतकी जवळ उभी असताना चौघंही हजर आहेत याचा लेखी पुरावा गोळा होत होता. तिसऱ्या हजेरीला छकुलीनं सहीऐवजी नुसती रेघ मारली.

“ही कसली सही?”

“माझी बोटं गारठलीत, बाबा!”

“शेऱ्यात लिहितो.”

सतराव्या मजल्यावर आत्या एका दगडावर बसली. बसली ती बसलीच.

“आक्का, चला, थोडंच राहिलंय,” आई म्हणाली.

“आमच्या इमारतीला नऊ मजले. सतरा झाले. हे माझ्या कामात बसत नाही.”

“अगं आक्का, सूर्य निघून जाईल,” बाबा म्हणाले.

“बाळ्या, मला सांगू नकोस. लिफ्ट बंद आहे म्हणजे बंद आहे. पाटी लाव आणि जिन्यानं जा.”

पूर्वेला काळ्याचा निळा व्हायला लागला होता. छकुलीच्या डोक्यात घड्याळ ठोके देत होतं. समजावून झालं, विनवून झालं, उकडलेलं अंडं देऊन झालं. आत्यानं अंडं खाल्लं आणि पुन्हा हाताची घडी घालून बसली. शेवटी छकुलीनं हात टेकले, आत्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या कोटाचं सगळ्यांत वरचं बटण अंगठ्यानं दाबलं.

आत्या उठली. “वर जाणार,” असं म्हणाली आणि चालायला लागली. पुढची अठरा वळणं ती कुठेही थांबली नाही, आणि एकाही मजल्याचं नाव घ्यायला चुकली नाही.

सहा वाजून अडतीस मिनिटांनी ते माथ्यावर पोचले.

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, तर छकुलीला किती वाटलं असेल. सूर्योदयाला चौदा मिनिटं होती. माथा सपाट, मोकळा. पाच-सहा अनोळखी माणसं ब्लँकेट गुंडाळून पूर्वेकडे तोंड करून बसली होती. समोर डोंगरांच्या रांगा, खाली दरीत ढग भरलेले, कडेला केशरी रेघ. मोबाइलवर रेंजच्या दोन काड्या. छकुली बाबांच्या शेजारी उभी राहिली. तिनं वाक्य पाठ केलं होतं: ‘बाबा, मी जाऊ का?’ तेवढंच. तिनं श्वास घेतला आणि रोखला.

“चला,” बाबा म्हणाले, “आधी सही, मग सूर्य.”

तिनं श्वास सोडला.

“बाबा, नाही. आत्ता नाही. आपण चौघं इथे आहोत. सगळ्यांना दिसतंय आपण इथे आहोत. त्या ब्लँकेटवाल्यांनाही दिसतंय.”

“उद्या कुणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे!”

“तेहेतीस वर्षांत कुणी विचारलं नाही,” बाबा म्हणाले, “कारण नोंद होती.”

छकुलीनं चौदा मिनिटांतलं एक हजेरीला द्यायचं ठरवलं. एक मिनिट गेलं तर काय बिघडतंय?

बाबांनी एका सपाट दगडावर वही उघडली. पूर्वेकडून वारा असा आला की पानं फडफडून मागच्या वर्षात गेली. बाबांनी आजचं पान शोधलं. ते पुन्हा गेलं. “वारा अडवा,” बाबा म्हणाले. म्हणून आई, आत्या आणि छकुली खांद्याला खांदा लावून दगडाभोवती उभ्या राहिल्या. वारा पूर्वेकडून, म्हणून पाठी पूर्वेला. चौथ्या फटीत बाबा स्वतः वाकले. पानं शांत झाली. उत्तम भिंत तयार झाली होती.

पेन चालेना. थंडीनं शाई गोठली होती. आईनं ते काखेत धरलं.

“माझा चष्मा?” आत्या म्हणाली. “मी बघितल्याशिवाय सही करत नाही.”

चष्मा छकुलीच्या पिशवीत तळाशी, थर्मासच्या खाली निघाला. त्यावर वाफ धरली. आईनं तो पुसला, तिरका धरला आणि म्हणाली, “हा अंड्याचा डाग आहे.” पेन काखेतून निघालं, दोन अक्षरं उमटली आणि पुन्हा अडलं. पुन्हा काखेत. मग बाबांच्या लक्षात आलं की आजच्या हजेरीत ‘सूर्योदयाची वेळ’ असा रकाना हवा आणि तो आखलेला नाही.

“पट्टी,” बाबा म्हणाले.

“बाबा, किती वाजले?”

“हलू नकोस, वारा येतो.”

बाबा रेघ मारू लागले. वरून खाली, सावकाश, जीभ दातांत धरून. पाठीमागे कुणीतरी “अरे बघ, बघ!” म्हणालं. मग दोघं-तिघं एकदम “वा!” म्हणाले. मग टाळ्या पडल्या.

“जरा शांतता ठेवा,” बाबा वर न बघता ओरडले. “इथे काम चाललंय.”

टाळ्या थांबल्या. रेघ पूर्ण झाली. आत्यानं सही केली, आईनं केली, छकुलीनं पेन हिसकावून घेतलं आणि केली. सगळ्यांत शेवटी बाबा सहीला वाकले, तेव्हा आत्या म्हणाली, “टॉर्च बंद करा आता. लख्ख दिसतंय की.”

खरंच दिसत होतं. पान पिवळंधमक झालं होतं. त्यावर तीन डोक्यांच्या लांबलचक सावल्या पडल्या होत्या, आणि फटीतून आलेला उन्हाचा एक पट्टा बाबांच्या नव्या रेघेवर अगदी सरळ बसला होता.

मग चौघंही वळले.

सूर्य होता. डोंगराच्या चांगला हातभर वर, गोल, पूर्ण, कामाला लागलेला. उगवायचं त्याचं कधीच उरकलं होतं.

आई डोळे बारीक करून बघत राहिली. “हा आता निघायचा नाही,” ती म्हणाली.

बाबांनी एका ब्लँकेटवाल्याला विचारलं, “किती वाजता उगवला?”

“सहा बावन्न,” तो म्हणाला. त्याच्या नजरेत जी कीव होती ती छकुलीला अजून आठवते.

बाबांनी रकान्यात लिहिलं, ‘६.५२ (ऐकीव)’.

आणि छकुलीचा बांध फुटला. “झालं? झाली नोंद? चार वर्षं! चार वर्षं तुम्ही सूर्योदय सूर्योदय करताय. तो तुमच्या पाठीवर उगवला, बाबा! तुमच्या त्या वंगणाच्या डागावर! आणि मी... मला फक्त एक...” ती वही मिटायला झटक्यानं पुढे झाली, तेवढ्यात वाऱ्यानं पान उलटलं. पुढच्या महिन्याचं पान. बाबांनी ते आधीच आखून ठेवलं होतं. चार नावं, एकतीस चौकोन. तीन नावांपुढचे चौकोन रिकामे होते. तिच्या नावापुढे पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत बाबांच्या अक्षरात एकच शब्द आडवा लिहिला होता: ‘परगावी’.

तिचा हात तिथेच राहिला.

“तुम्ही अर्ज वाचलात.”

“प्राप्त झालेला प्रत्येक अर्ज वाचला जातो,” बाबा म्हणाले.

“कधी?”

“त्याच दिवशी. तीन वेळा.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“निकाल तोंडी देत नाहीत. जावकला टाकलाय. अकरा दिवस झाले. तू उचलला नाहीस, मला वाटलं तुझाच विचार बदलला.” बाबा सूर्याकडे बघत होते. “मी पुन्हा विचारलं असतं तर दबाव आला असता.”

“जावक?” छकुलीचा आवाज इतका चढला की ब्लँकेटवाले पुन्हा वळले. “बाबा, त्या पेटीतून आजवर काहीही आलेलं नाही! त्यात आत्याचे मोजे असतात!”

“नियमाबाहेर जाऊन काढला निकाल,” बाबा पुटपुटले. “सेहेचाळीस नंबर. नळाच्या आधी.”

आईनं बाबांकडे बघितलं. त्या बघण्यात चार वर्षांचं टप टप होतं.

आत्या मात्र विचारात पडली होती. “मोज्यांखाली एक कागद होता खरा,” ती सावकाश म्हणाली. “चांगला जाड होता.” मग ती दगडावर बसली आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

कागद आठ घड्यांचा झाला होता, ओलसर, आत्याच्या टाचेच्या आकाराचा. एकवीस कोटांबरोबर तो व्हॅनमधून आला होता आणि पस्तीस मजले चढून सगळ्यांच्या बरोबर माथ्यावर पोचला होता. आईनं तो चिमटीत धरून उन्हात उलगडला, शिक्क्याजवळची पसरलेली जांभळी शाई बघितली. “हा घामानं पसरलाय,” ती म्हणाली. पण त्याच्या खालच्या ओळीतही एक अक्षर पसरलं होतं. तिथे ती थांबली, बाबांकडे एकदा बघितलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा डाग कशाचा आहे ते न सांगता तिनं कागद छकुलीच्या हातात दिला.

‘अर्ज क्र. ४६. मंजूर. अर्जदाराने जावे. अर्जदाराची घरातील जागा रिक्त ठेवण्यात येईल. ती इतर कोणत्याही कारणासाठी भरली जाणार नाही.’

छकुलीनं ते दोनदा वाचलं. मग तिनं खिशातून मोबाइल काढला. बोटं गारठलेली होती. होकाराच्या तीन ओळी टाइप करायला तिला सात मिनिटं लागली. सात वाजून एकवीस मिनिटांनी तिचं उत्तर गेलं. बाबांनी मान वाकडी करून स्क्रीन बघितली आणि विचारलं, “जावक क्रमांक दिलास?”

“बाबा!”

“बरं, बरं.”

थर्मासमधली कॉफी चौघांनी एकाच कपातून आळीपाळीनं घेतली. सूर्य आणखी वर सरकला. आता तो कुठल्याही दिवशी कुठल्याही खिडकीतून दिसतो तसाच दिसत होता. बाबा मात्र त्याच्याकडे एकटक बघत होते. भाषणात आवाज कापला होता तेव्हा होता तसा चेहरा करून. छकुलीला राग आवरायचा होता की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

“छकुली,” बाबा म्हणाले, “कागद आहे?”

“कशाला?”

“लिही.”

“बाबा, असं नसतं. कुणाला लिहिणार?”

“लिही तर. पाठवायचं नंतर बघू.”

कोरा कागद नव्हता. तिनं मंजुरीचा तोच कागद उलटा केला, आत्याच्या पाठीवर ठेवला आणि पेन काखेत धरून गरम केलं. बाबा उभे राहिले, हात मागे बांधले, आणि या वेळी पूर्वेकडे तोंड करून सांगायला लागले.

प्रति,
मा. सूर्य,
पूर्व विभाग.

विषय: आजचा सूर्योदय पुन्हा एकदा करण्याबाबत.

महोदय,

आपण आज सकाळी ठीक ६.५२ वाजता (ऐकीव) उगवलात, याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि त्या वेळी आम्ही चौघेही सहकुटुंब हजर असल्याची नोंद करण्याच्या कामात असल्याने आमची पाठ आपल्याकडे होती. चौघांच्याही सह्या सोबत जोडल्या आहेत. अर्जदारांपैकी एक सदस्य पुढील महिन्यापासून परगावी राहणार असून त्यानंतर चौघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी उपलब्ध होतील, याची खात्री देता येत नाही. तरी आपण कृपया तीस मिनिटे खाली जाऊन, आम्ही तोंड वळवून उभे राहिल्याची खातरजमा करून, मगच पुन्हा वर यावे, आणि तसे केल्याचे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.